पत्नी गेल्यानंतर आठ महिन्यांनी : पडद्यावरच्या समुपदेशनाचा मला उपयोग होईल का?

कृष्णाकाठ (सातारा) :

नमस्कार. गेल्या आषाढात माझ्या पत्नीचे निधन झाले. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे निदान झाल्यापासून ती पाच महिनेच होती, आणि त्या पाच महिन्यांत सातारा ते पुणे अशा इतक्या खेपा झाल्या की आपण काय गमावत आहोत याचा विचार करण्याचीही उसंत मिळाली नाही. रक्षाविसर्जन, उत्तरकार्य, दुखवट्याला येणारी माणसे आणि त्यानंतरचे बँकेचे व विम्याचे कागद यांत पहिले दोन महिने निघून गेले. मग माणसांचे येणे कमी झाले, मुलगा आणि सून पुण्याला परतली, मुलगी इंग्लंडमध्ये लेस्टरला परत गेली आणि घरात मी एकटा उरलो. मी राज्य शासनाच्या सेवेत आहे आणि येत्या नोव्हेंबरअखेर वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होणार आहे. निवृत्तीनंतरचे पुष्कळ बेत आम्ही दोघांनी केले होते. त्यामुळे ज्या तारखेची वर्षानुवर्षे वाट पाहिली तिचीच आता मला धास्ती वाटते.

माझी अवस्था सांगतो. पहाटे तीनच्या सुमारास जाग येते, कारण शेवटच्या दोन महिन्यांत तिला त्या वेळी वेदनाशामक औषध द्यावे लागत असे, आणि त्यानंतर डोळ्याला डोळा लागत नाही. कार्यालयात एकच टिप्पणी तीनदा वाचावी लागते. गॅस सिलिंडरची नोंदणी तिच्या मोबाइल क्रमांकावर आहे, त्यामुळे सिलिंडर घरी आल्यावर सांगावा लागणारा कोड तिच्याच फोनवर येतो. क्रमांक बदलून घेणे हे थोड्या वेळाचे काम आहे, पण मी ते केलेले नाही आणि दर महिन्याला तिच्या फोनचे रिचार्ज करत राहतो. हे डोके ठिकाणावर नसल्याचे लक्षण आहे का, अशी शंका मला येते. जेवण, स्नान, नोकरी हे सर्व चालू असल्यामुळे लोकांना मात्र मी सावरलो आहे असे वाटते.

सुनेने ऑनलाइन समुपदेशन सुचवले. तिच्या शब्दाखातर मी एका अ‍ॅपवर नाव नोंदवले. पलीकडच्या व्यक्तीने लेखी संवादात हिंदी आणि इंग्रजीत काही प्रश्न विचारले, सकारात्मक विचार करा असे सांगितले आणि दीर्घ श्वसनाची एक चित्रफीत पाठवली. त्यानंतर सहा सत्रांचे पैसे एकदम भरण्याचा आग्रह सुरू झाला, तेव्हा मी ते अ‍ॅप काढून टाकले. त्या व्यक्तीचे शिक्षण काय होते हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

साताऱ्यात प्रत्यक्ष जाऊन कोणाला भेटावे तर गाव ओळखीचे आहे आणि दवाखान्याच्या बाकावर कोणीतरी भेटणारच, म्हणून ऑनलाइनचा विचार मी पूर्णपणे सोडलेला नाही. परंतु ज्या माणसाने माझ्या पत्नीला पाहिले नाही, माझे घर पाहिले नाही, त्याच्याशी पडद्यावरून बोलून खरोखर काही होते का? योग्य शिक्षण घेतलेली, मराठीत बोलणारी व्यक्ती ओळखायची कशी? आणि मी जे बोलेन ते कोठे साठवले जाते? ज्यांना अनुभव किंवा माहिती आहे त्यांनी कृपया लिहावे.

सुज्ञा_नाशिक :

कृष्णाकाठ, आपल्या पत्नीच्या निधनाबद्दल मनापासून सहवेदना व्यक्त करते. मी नाशिकला चौदा वर्षे समुपदेशन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते आणि २०२० च्या टाळेबंदीपासून माझी साधारण निम्मी सत्रे व्हिडिओवर होतात. येथे लिहून कोणाचेही निदान करता येत नाही आणि करूही नये, तरीही आपल्या प्रश्नांपैकी ज्यांची उत्तरे मला देता येतील ती सविस्तर देते.

सर्वांत आधी फोनच्या रिचार्जबद्दल. तो वेडेपणा नाही. शोकाच्या पाच पायऱ्या असतात असे आपल्या कानावर आले असेल. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ती मांडणी केली ती स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्या नातेवाइकांवरून नव्हे. त्यामुळे आपण अमुक महिन्यात अमुक पायरीवर असायला हवे होते, ही अपेक्षा मनातून काढून टाका. मला कामात अधिक उपयोगी पडते ती मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या दोघांनी १९९९ मध्ये मांडलेली दुहेरी प्रक्रियेची कल्पना. शोकातले माणूस एका बाजूला गेलेल्या व्यक्तीची आठवण, रडणे, तिच्या वस्तू हाताळणे यांत असते आणि दुसऱ्या बाजूला बँकेचे कागद, स्वयंपाक, नवे दिनक्रम यांत असते, आणि या दोन्हींमध्ये त्याचे येणे-जाणे चालू राहणे हेच निरोगी असते. आपला गॅसचा क्रमांक नेमका या दोन्हींच्या सीमेवर आहे. तो आजच बदलला पाहिजे असे कोणताही समंजस समुपदेशक सांगणार नाही. तो बदलताना काय संपेल असे आपल्याला वाटते, हे मात्र तो विचारील.

निवृत्तीच्या धास्तीकडेही तितक्याच गांभीर्याने पाहायला हवे. होम्स आणि राहे यांनी १९६७ मध्ये आयुष्यातील ४३ बदलांना ताणाच्या दृष्टीने गुण दिले होते. त्यात जोडीदाराच्या मृत्यूला सर्वाधिक म्हणजे १०० आणि निवृत्तीला ४५ गुण आहेत. या दोहोंची बेरीज १४५ होते, आणि त्या मोजपट्टीवर १५० च्या आतली बेरीज कमी धोक्याची मानली जाते. आपले पत्र वाचल्यावर हा निष्कर्ष किती अपुरा आहे हे कोणाच्याही लक्षात येईल, कारण ज्या निवृत्तीचे सगळे बेत दोघांनी मिळून केले होते ती निवृत्ती एकट्याच्या वाट्याला येणे हा तिसराच आघात आहे आणि त्याला त्या यादीत जागा नाही. समुपदेशनात आम्ही काम करतो ते या तिसऱ्या आघातावर.

आता, मदत कधी घ्यावी याविषयी. शोक हा आजार नाही आणि बहुतेक माणसे आप्तांच्या आधाराने त्यातून वाट काढतात. मात्र तीव्र ओढ किंवा वेदना कमी न होता रोजच्या जगण्यात अडथळा आणत राहिली, तर तिला दीर्घकालीन शोकविकार असे नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांची आणि अमेरिकेतील मनोविकार संघटनेच्या नियमावलीत प्रौढांसाठी किमान बारा महिन्यांची मुदत आहे. दोन जाणत्या संस्थांच्या मुदतीत इतका फरक असेल तर केवळ महिने मोजून काही ठरत नाही हे उघड आहे. तो शोक त्या समाजाच्या रीतीच्या मानाने किती अधिक आहे आणि माणसाचे जगणे किती अडले आहे, हेही पाहिले जाते. आपल्यासाठी याचा अर्थ एवढाच की निदान होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. झोप मोडते आहे, एकाग्रता होत नाही आणि पुढ्यात मोठा बदल आहे, एवढे कारण समुपदेशनासाठी पुरेसे आहे.

एक प्रश्न मी आपल्याला थेट विचारते, कारण तो आडून विचारण्यात अर्थ नसतो. जगू नये, झोपेतून उठूच नये, असे विचार आपल्या मनात येतात का? येत असतील आणि विशेषतः ते कसे करावे इथपर्यंत जात असतील, तर ऑनलाइन सत्राची वेळ ठरण्याची वाट पाहू नका. मुलाला बोलावून घ्या, जवळच्या रुग्णालयात जा, आणि केंद्र शासनाच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून ती निःशुल्क आहे, चोवीस तास चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. संकट नसतानाही तेथे बोलायला हरकत नाही.

शिक्षणाची खात्री कशी करावी, हा प्रश्न आपण विचारलात याचे मला फार समाधान वाटले, कारण बहुतेक लोक तो विचारतच नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात, म्हणून ते औषधे देऊ शकतात. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन (दूरस्थ वैद्यकीय सल्ला) मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्यांना व्हिडिओवर तपासता येते, मात्र काही औषधे त्या मार्गाने देता येत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे औषधे न देता मानसिक उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ, यांचे नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असावे लागते आणि त्यांचा नोंदणी क्रमांक आपण निःसंकोच मागावा. समुपदेशक या शब्दाला मात्र असे संरक्षण नाही. एम.ए. करून अनेक वर्षे ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम केलेली व्यक्तीही समुपदेशक असते आणि दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम केलेली व्यक्तीही तीच पाटी लावते. म्हणून पदवी कोणत्या विद्यापीठाची, शोकाच्या किती प्रकरणांत काम केले, आणि आजही कोणा ज्येष्ठांकडे आपल्या कामाची चर्चा करता का, हे तीन प्रश्न पहिल्याच फोनवर विचारा. तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. चांगले समुपदेशक त्याने दुखावत नाहीत.

पडद्यावर काय निसटते हे मी अनुभवाने सांगते. समोरच्याचे हात आणि पाय दिसत नाहीत, डोळ्यांत आलेले पाणी उशिरा लक्षात येते, आणि माणूस गप्प झाला की नेटवर्क गेले, हे सुरुवातीला कळत नाही. म्हणून मी पहिल्याच सत्रात सांगते की तुम्ही गप्प बसलात तर मी थांबेन, आणि फोन तुटला तर मी स्वतः पुन्हा लावीन. चालू पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा क्रमांकही मी त्याच वेळी विचारून घेते; दूरच्या माणसाला अचानक मदत लागली तर ती कोठे पाठवायची हे माहीत असले पाहिजे. ही माहिती न घेता जो समुपदेशक थेट पैशांवर येतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

पलीकडचे माणूस कधी भेटलेले नसतानाही काम होते का, याला एक जुने उदाहरण आहे. झ्युरिकमधील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, दीर्घ शोकात अडकलेल्या लोकांनी पाच आठवडे, आठवड्यातून दोनदा, पाऊण तास बसून लेखन करायचे आणि थेरपिस्टने त्यावर लेखी उत्तर द्यायचे अशी रचना होती; उपचार घेणाऱ्यांची लक्षणे प्रतीक्षायादीतील लोकांच्या तुलनेत लक्षणीय कमी झाली. तेथे तर चेहराही दिसत नव्हता. मात्र ते लेखन ठरावीक क्रमाने, प्रशिक्षित व्यक्तीच्या मार्गदर्शनाखाली झाले होते. आपल्याला अ‍ॅपवर मिळाली तशी श्वसनाची चित्रफीत पाठवणे म्हणजे उपचार नव्हे.

वाशिष्ठी :

काका, मी मूळची चिपळूणची असून सध्या बेंगळुरूला असते. तीन वर्षांपूर्वी माझी आई गेली आणि त्याच वर्षी माझा घटस्फोट झाला. मी एकूण सोळा ऑनलाइन सत्रे घेतली. त्याविषयी पूर्वी कोणाला सांगितले नव्हते, पण तुमचा प्रश्न वाचून लिहावेसे वाटले.

माझी पहिली समुपदेशक बेंगळुरूची होती आणि आम्ही इंग्रजीत बोलत होतो. ती सुशिक्षित होती, वेळ पाळत होती, तिचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. परंतु चार सत्रे झाली तरी मी एकदाही रडले नव्हते. आईला अग्नी देताना मी तिथे नव्हते, कारण घरच्यांनी बायकांना स्मशानात नेले नाही, ही माझी सर्वांत मोठी सल होती, आणि ती इंग्रजीत सांगायची तर आधी आमच्याकडची रीत समजावून सांगण्यातच अर्धा तास जात असे. पाचव्या सत्राआधी मी तिला तसे स्पष्ट लिहिले. तिने अजिबात वाईट वाटून घेतले नाही. उलट एका मराठी समुपदेशकाचे नाव तिनेच सुचवले. म्हणून सांगते की व्यक्ती जुळली नाही तर बदलण्याचा संकोच करू नका.

दुसऱ्या समुपदेशकाने तिसऱ्या सत्रात मला विचारले की आईशी शेवटचे भांडण कशावरून झाले होते. आई गेल्यापासून प्रत्येकाने मला तिच्या चांगल्या आठवणी विचारल्या होत्या, भांडण कोणीच विचारले नव्हते. घटस्फोटाचा निर्णय तिला पटलेला नव्हता आणि आमचे शेवटचे फोन सगळे त्यावरूनच होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा मोकळी रडले, आणि ती व्यक्ती पडद्यावर आहे की समोर, याचे मला भानही राहिले नाही. त्यानंतर आम्ही जे केले त्यात काहीच जादू नव्हती. मी आईला पत्र लिहिले, ते सत्रात वाचून दाखवले, आणि आईने काय उत्तर दिले असते तेही लिहिले. ते दुसरे पत्र लिहायला मला तीन आठवडे लागले.

व्यवहारातली एक गोष्ट सांगते, कारण ती कोणी सांगत नाही. बोलायला जागा कुठली निवडायची हे आधी ठरवा. मी माझ्या खोलीत बसत असे आणि दार लोटलेले असूनही मैत्रिणीची चाहूल लागली की माझा आवाज आपोआप खाली जाई. मग मी उभ्या गाडीत बसून बोलू लागले. तुम्ही एकटे असल्यामुळे तुम्हाला ती अडचण नाही, पण ज्या खोलीत काकू आजारी होत्या तिथे बसून पहिले सत्र घेऊ नका असे मला वाटते. आणि सत्र संपल्यावर लगेच कामाला लागू नका. अर्धा तास तरी मोकळा ठेवा.

मिरजेचा शिक्षक :

मला या सर्वांविषयी आदर आहे, परंतु माझे मत वेगळे आहे आणि ते नम्रपणे मांडतो. माझी पत्नी जाऊन सहा वर्षे झाली. मी कोणाकडेही समुपदेशनासाठी गेलो नाही. आमच्या गल्लीतील चार माणसे रोज संध्याकाळी माझ्या कट्ट्यावर येऊन बसत, काही बोलत, काही वेळा न बोलता बसून जात. पुढे ज्येष्ठ नागरिक संघात जाऊ लागलो, ग्रंथालयाचे काम अंगावर घेतले. आपल्याकडे दुखवटा, मासिक श्राद्ध, वर्षश्राद्ध ही जी रचना होती ती माणसाला एकटे पडू न देण्यासाठी होती. त्या रचनेची जागा तासाचे पैसे घेणारा पडदा घेऊ शकेल असे मला वाटत नाही. कृष्णाकाठ यांनी माणसांत जावे, निवृत्तीपूर्वीच एखादे काम हाती घ्यावे, असे मी सुचवीन.

सुज्ञा_नाशिक :

गुरुजी, आपल्या कट्ट्यावर येणाऱ्या चार माणसांनी जे केले ते कोणताही समुपदेशक करू शकत नाही, हे मी माझ्या व्यवसायाविषयी पूर्ण निष्ठा बाळगून मान्य करते. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते की तुमच्याकडे संध्याकाळी कोण येते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर देताना अनेकांचा चेहरा उतरतो. परंतु कट्ट्यावर काही गोष्टी बोलल्या जात नाहीत. शेवटच्या दिवसांत आपण रुग्णावर चिडलो होतो, तिचे हाल पाहून ती लवकर सुटावी असे मनात आले होते, उपचार थांबवण्याच्या कागदावर आपण सही केली होती, हे शेजाऱ्याला सांगता येत नाही, कारण उद्या त्याच शेजाऱ्याच्या डोळ्याला डोळा द्यायचा असतो. अशा वेळी गावाबाहेरचे, आपल्याला न ओळखणारे माणूस हीच सोय ठरते. दोन्ही हवेत.

लेस्टरवासी :

काका, मुलगी लेस्टरला आहे असे वाचले म्हणून लिहिते. आईचे शेवटचे दिवस दूर राहून ज्यांनी फोनवर पाहिले त्या मुलांचा शोक बऱ्याचदा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यांना वडिलांसमोर खंबीर राहायचे असते आणि वडिलांना त्यांच्यासमोर. इंग्लंडमध्ये जी.पी.कडे (नेहमीच्या स्थानिक डॉक्टरांकडे) नाव असलेल्या प्रौढ व्यक्तीला एन.एच.एस. या सरकारी आरोग्यसेवेच्या टॉकिंग थेरपीज या समुपदेशन सेवेसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव देता येते, ती विनामूल्य आहे आणि त्यातील बरीच सत्रे व्हिडिओवर किंवा फोनवर होतात. १९५९ पासून शोकग्रस्तांसाठी काम करणारी क्रूज ही संस्थाही आहे. मुलीला हे जरूर कळवा.

तुमच्या गोपनीयतेच्या प्रश्नाविषयी : ती शंका रास्त आहे. अमेरिकेत बेटरहेल्प या मोठ्या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने ग्राहकांची आरोग्याविषयीची माहिती जाहिरातीसाठी फेसबुक, स्नॅपचॅट अशा कंपन्यांना दिल्याचा आरोप तेथील फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरण्याचा आदेश झाला. म्हणून मधल्या अ‍ॅपऐवजी थेट समुपदेशकाशी किंवा जुन्या संस्थेशी बोलणे मला बरे वाटते. भारतात मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क आहे. जीवाला धोका असण्यासारखे थोडे अपवाद सोडता ती माहिती बाहेर देता येत नाही. सत्राचे ध्वनिमुद्रण होते का आणि टिपणे कोठे ठेवली जातात, हे लेखी विचारून घ्या.

आणखी एक, परदेशात राहणाऱ्या इतर वाचकांसाठी. भारतातील समुपदेशक मराठीत बोलतात म्हणून आपल्याला ते हवेसे वाटतात, पण अमेरिकेत परवाना राज्यागणिक असतो आणि रुग्ण ज्या राज्यात बसला आहे तेथील परवाना पाहिला जातो. त्यामुळे काही भारतीय समुपदेशक नाही म्हणतात, आणि तो त्यांचा प्रामाणिकपणा असतो.

कृष्णाकाठ (सातारा) :

सर्वांचा मनापासून आभारी आहे. उत्तर द्यायला नऊ दिवस लागले, कारण मध्ये मी काही गोष्टी केल्या.

सुज्ञाताई, आपण थेट प्रश्न विचारलात म्हणून थेट सांगतो. मरावे असे मला वाटत नाही. सकाळी उठून काय करायचे असे मात्र वाटते, आणि नोव्हेंबरनंतर ते अधिक वाटेल याची भीती आहे. मी दोन रात्री विचार करून १४४१६ वर फोन केला. पहाटेचे पावणेचार वाजले होते. पलीकडच्या मुलीने मराठीत बोलून, घाई न करता, झोप, भूक, औषधे असे सर्व विचारले. बोलणे वीसेक मिनिटांचे झाले. एवढ्या अपरात्री माझ्याशी बोलण्यासाठी कोणीतरी जागे आहे, याचाच मला आधार वाटला.

त्यानंतर दोन ठिकाणी चौकशी केली. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची २०१२ पासून चालणारी आयकॉल ही सेवा दूरध्वनीवर आणि लेखी समुपदेशन देते हे मला मुलाने सांगितले, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आय.पी.एच. या मानसिक आरोग्याच्या संस्थेचे नाव मला आधीपासून माहीत होते. अखेरीस एका परिचित डॉक्टरांनी सुचवलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंशी बोललो. नोंदणी क्रमांक मागितला, तो त्यांनी लगेच दिला. तिसरा प्रश्नही विचारला. त्या म्हणाल्या की दर पंधरवड्याला त्या आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांशी चर्चा करतात. गुरुवारी संध्याकाळी साडेसहाची वेळ ठरली आहे. मागच्या खोलीत हिचे शिवणयंत्र आहे, तेथे खुर्ची टाकून बसणार आहे. आजारपणात ती त्या खोलीत कधी नव्हती.

गुरुजी, आपले म्हणणेही मनाला लागले. पेठेतल्या सार्वजनिक वाचनालयात शनिवारी माणूस हवा आहे, तेथे जाऊन आलो. वाशिष्ठी, भांडणाचा प्रश्न वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. आमचेही एक आहे, ते गुरुवारी सांगेन.

एक शंका उरली आहे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हिच्या निधनानंतर झोपेची गोळी लिहून दिली होती. ती मी पाच महिन्यांपासून रोज घेतो आणि आता तिचाही परिणाम कमी झाला आहे. समुपदेशन सुरू होण्याआधी ती बंद करावी काय?

सुज्ञा_नाशिक :

स्वतःहून एकदम बंद करू नका. झोपेच्या अनेक गोळ्या काही महिने रोज घेतल्यावर शरीराला त्यांची सवय होते आणि अचानक थांबवल्यास झोप आणखी बिघडणे, घबराट, थरथर, क्वचित झटके येणे असा त्रास होऊ शकतो. गोळीचे नाव आणि मात्रा कागदावर लिहून ठेवा, गुरुवारी त्या बाईंना सांगा, आणि त्याच आठवड्यात गोळी देणाऱ्या डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटून मात्रा हळूहळू कशी कमी करायची हे विचारा. मात्रा ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे, समुपदेशकाचे नाही; गुरुवारी त्या बाई तसेच म्हणाल्या तर आपण योग्य ठिकाणी गेला आहात असे समजा.